मॉडिफाय केलेली टर्बो गाडी विकायचीये? गोव्यात मी माझी इव्हो कशी विकली ते सगळं सांगतो

गेल्या दसऱ्याला माझी इव्हो एक्स (मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन एक्स) विकली गेली, कोल्हापूरला. अकरा वर्षं माझ्याकडे होती. तेव्हापासून फोंड्यातले, म्हापशातले, एक तर पेडण्याहून आलेला, असे चार-पाच जण विचारून गेले की भाव कसा मिळाला, आरटीओत अडकली नाही का, एक्झॉस्टचं काय केलंस. प्रत्येकाला फोनवर अर्धं अर्धं सांगून होतं म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतो. तुमच्याकडे इव्होच पाहिजे असं नाही, निस्सान जीटी-आर असेल किंवा मित्सुबिशी सेडियाला कोणी टर्बो बसवलेला असेल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. अशी गाडी बघायला येणारा माणूस सगळ्यात जास्त कशाला घाबरतो, तर आधीच्या मालकाने गाडी मारून मारून चालवली असेल आणि आता इंजिन किंवा गिअरबॉक्स जाण्याच्या बेतात आला म्हणून विकत असेल. मॉडिफाइड म्हटलं की ही शंका दुप्पट होते. तुम्ही किती जीव लावून सांभाळली ते तुम्हाला माहीत, त्याला नाही. त्यामुळे विकायची सगळी तयारी म्हणजे त्याची ही भीती एक एक करून काढणं, आणि ती तोंडी गप्पांनी जात नाही, कागद दाखवला की जाते.

माझ्याकडे एक वही होती, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे ऑइलने काळे झालेले. पहिल्या दिवसापासून लिहायचो. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठलं ऑइल, कोणी केलं, किती पैसे. इंजिन ऑइल दर ५००० किलोमीटरला, मग मधे गाडी चार महिने उभी असली तरी. एसएसटी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचं डाया-क्वीन एसएसटीएफ-वन फ्लुइड आणि त्याचा फिल्टर मी ३०००० ला बदलायचो, त्याचे डबे कुठून मागवले ते पण लिहिलेलं. कोल्हापूरचा माणूस आला तेव्हा त्याने बॉनेट उघडायच्या आधी ती वही मागितली आणि आमच्या व्हरांड्यात बसून पाऊण तास वाचली, चहा गार झाला तरी. मधेच एका पानावर बोट ठेवून म्हणाला, हे ४२००० ला क्लच टेंपरेचरची वॉर्निंग आली असं लिहिलंय, ते काय? मी सांगितलं की मे महिन्यात चोर्ला घाटात ट्रक आडवा झाला होता, दीड तास चढावर थांबत थांबत सरकत होतो, वॉर्निंग आली, बाजूला घेऊन थंड केली, दुसऱ्या आठवड्यात फ्लुइड बदललं. पुढच्याच ओळीत फ्लुइड बदलल्याची नोंद होती. तिथेच त्याचा चेहरा सैल झाला.

वही नसेल तर आता बसून तयार करा, पण खोटी नाही. जुनी बिलं, यूपीआयची हिस्टरी, मिस्त्रीबरोबरचं व्हॉट्सअॅप, पार्ट मागवल्याचे ईमेल, फोनमधल्या तारखेसकट फोटो, यातून निम्म्याहून जास्त इतिहास परत जुळवता येतो. जिथे कागद नाही तिथे सरळ "बिल नाही" असं लिहा.

आता मॉडिफिकेशनचा विषय, जो सगळ्यांना टाळायचा असतो. कायदा अगदी साफ आहे. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमधून गाडी बदलता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला एकेका बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एक्झॉस्टवरून तर आपल्याकडे नाक्यानाक्यावर अडवतात. त्यात इन्शुरन्सला न कळवता केलेला बदल असेल तर उद्या नवीन मालकाचा क्लेम अडकतो, म्हणजे तुम्ही त्याला गाडीबरोबर एक दुखणं पण देताय.

म्हणून माझं स्पष्ट मत, विकायच्या आधी गाडी स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ अवस्थेत आणा. मी डाऊनपाइप (टर्बोच्या मागचा मोठा एक्झॉस्ट पाइप) काढून कॅटसकट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट) मूळ एक्झॉस्ट परत बसवला, इनटेकचा मूळ डबा, मूळ स्प्रिंगा आणि डॅम्पर, आणि ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) कंपनीचा मूळ मॅप, म्हणजे सेटिंग, परत टाकला. हे सगळे पार्ट मी पहिल्या दिवसापासून माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवले होते, बोल्टसकट, प्रत्येक पुडीवर मार्करने नाव लिहून. ज्यांनी स्टॉक पार्ट विकून टाकलेत त्यांनी जाहिरात टाकायच्या तीन-चार महिने आधी शोधायला सुरुवात करा, कारण इव्हो एक्सचं उत्पादन २०१६ मध्येच बंद झालंय आणि सेकंडहँड पार्ट मिळायला वेळ लागतो. मॅप परत टाकल्यावर लगेच विकायला काढू नका, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, लॉग (ईसीयूतल्या आकड्यांची नोंद) घ्या, नॉक (इंजिनातली ठकठक) बघा, आयडल (उभ्या गाडीत इंजिन कसं चालतं) बघा. आणि स्टॉकवर आणली म्हणून मॉडिफिकेशन लपवायची नाहीत. काय काय होतं, किती किलोमीटर चाललं, किती बूस्टवर (टर्बोच्या हवेच्या दाबावर), कुठल्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर ट्यून होती, सगळं सांगायचं. इंजिन उघडून पिस्टन-रॉड बदलले असतील किंवा मोठा टर्बो असेल आणि परत फिरणं शक्य नसेल तर ते पहिल्या फोनमध्येच सांगा, बघायला बोलावून मग नाही.

पैशाचं गणित पण ऐका. माझे मॉडवर साधारण साडेसहा लाख गेले होते. गाडीच्या किमतीत ते कोणी मोजत नाही, उलट कमी करून मागतात. पार्ट वेगळे विकले तेव्हा सव्वादोन लाख परत आले, डाऊनपाइप आणि कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-डॅम्पर) तर आठवड्यात गेले. गाडी स्टॉक आणि पार्ट वेगळे, असंच दोन्हीकडून जास्त मिळतं.

यानंतर तब्येत तपासणी. गिऱ्हाईक तपासणारच आहे, मग त्याच्या आधी आपणच करून रिपोर्ट हातात ठेवायचा. इंजिन गरम असताना चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती होतो ते) करा. आकडा किती येतो यापेक्षा चार सिलिंडरमध्ये फरक किती ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांच्या आत पाहिजे. माझे १५५, १५८, १५५, १५२ पीएसआय आले, गेजचा फोटो प्रत्येक वेळी काढला. जमलं तर लीकडाऊन (सिलिंडरमधून हवा किती निसटते ते) पण करा. मग बूस्ट लीक, म्हणजे इनटेकमध्ये हवा किंवा धूर भरून कुठे निसटते का ते बघणं, आपल्या उन्हात रबरी होज आणि क्लॅम्प सैल झालेले हमखास सापडतात. टर्बोच्या कॉम्प्रेसर व्हीलला बोटाने हलवून शाफ्टला प्ले (ढिलेपणा) आहे का बघा, इनटेक पाइपमध्ये ऑइलचा पातळ थर चालतो, डबकं नको. इंटरकूलरच्या जाळीत तांबडी माती बसलेली असते, विशेषतः उसगाव-डिचोली बाजूने मायनिंगच्या ट्रकांमागून गाडी फिरली असेल तर. हलक्या प्रेशरच्या पाण्याने आतून बाहेर धुवा, जोरात मारलं की पाती वाकतात.

इव्हो एक्समध्ये अजून एक जागा जाणकार माणूस बघतोच, ती म्हणजे मागच्या चाकाजवळचा हायड्रॉलिक पंप, जो एसीडी आणि एवायसी (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दोन सिस्टिम) चालवतो. रस्त्यावरचं पाणी, चिखल सगळं तिथेच उडतं, आणि गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वरून खारं वारं, म्हणजे गंजायला सगळं आयतं. विकायच्या सहा महिने आधी गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा मिस्त्री खालूनच ओरडला, "पात्रांव, हो पंप पळयात" (मालक, हा पंप बघा). टॉर्च मारून बघितलं तर अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली, मिठासारखी, आणि खालचा ब्रॅकेट चॉकलेटी होऊन पापुद्रे सुटत होते. डॅशवर अजून वॉर्निंग आली नव्हती, गाडी मस्त चालत होती. तसंच विकता आलं असतं. मी पंप उतरवून साफ करून घेतला, सील बदलले, ब्रॅकेट नवीन केला, वर अँटी-रस्टचा कोट, आणि आधीचे-नंतरचे फोटो वहीत चिकटवले. एकतीस हजार गेले. पुढे हेच फोटो बघून कोल्हापूरवाल्याने घासाघीस अर्ध्यावर सोडली.

डिक्कीतलं कार्पेट उचलून बघा, इव्होची बॅटरी मागे असते, तिथे ओल धरली की टर्मिनलला हिरवं चढतं. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत सीटखाली बुरशीचा वास येतो, तो परफ्यूमने झाकू नका, दार उघडल्या उघडल्या कळतं की काहीतरी झाकलंय. सीट काढून उन्हात ठेवा, एसीचा केबिन फिल्टर बदला, दोन दिवस काचा खाली करून सावलीत हवा खेळू द्या.

फोटोंसाठी कृपा करून बीचवर जाऊ नका. एक तर गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदेशीर आहे, पोलीस गाडी जप्त करतात, आणि दुसरं म्हणजे मुंबई-पुण्याचा गिऱ्हाईक फोटोत समुद्र बघितला की पहिला गंजाचा विचार करतो. मी फर्मागुडीच्या पठारावर सकाळी सातला गेलो, ऊन तिरपं, रस्ता सुका, मागे काही नाही. चाळीसेक फोटो, त्यातले बारा रॅम्पवरून खालचे. चरे, पोचे, बंपरखालची खरवड, ड्रायव्हर सीटच्या कडेचं झिजलेलं कापड, हे सगळं जवळून काढा आणि जाहिरातीत टाका. तीन तास गाडी चालवून आलेला माणूस जाहिरातीत नसलेला एक चरा बघतो तेव्हा त्याला वाटतं अजून काय काय लपवलं असेल, आणि मग सगळंच बिनसतं.

जाहिरातीत मी जे लिहिलं होतं ते जवळजवळ असंच देतो, पाहिजे तर उचला. "मित्सुबिशी इव्हो एक्स, २०१० मॉडेल, जीए-०५ पासिंग, सेकंड ओनर, ६८४०० किलोमीटर. २.० लिटर ४बी११ टर्बो, एसएसटी गिअरबॉक्स. आधी मॉडिफाइड होती, आता पूर्ण स्टॉक, मॉडची यादी आणि लॉग दाखवतो. सगळ्या सर्व्हिसची वही आणि बिलं. कॉम्प्रेशन रिपोर्ट गेल्या महिन्यातला. पंप यंदा दुरुस्त, फोटो आहेत. पुढचा उजवा फेंडर रिपेंट, कारण आणि फोटो आहेत. टायर ६० टक्के. ट्रॅकवर कधी नेली नाही. बँकेचा बोजा नाही. कोल्ड स्टार्ट बघायला सकाळी या." एवढंच. "रॉकेट", "बीस्ट" असलं काही लिहू नका, त्याने पोरंटोरंच फोन करतात.

भाव ठरवताना देशभरातल्या जाहिराती बघा, पण जाहिरातीतला भाव आणि प्रत्यक्ष झालेला सौदा यात बराच फरक असतो, म्हणून ज्यांनी खरोखर विकली त्यांना फोन करून विचारा, अशा गाड्यांचे मालक एकमेकांना ओळखतातच. बाहेरच्या राज्यातला गिऱ्हाईक तिकडचा रोड टॅक्स मनात धरूनच बोलतो, बंगळुरूवाल्याला तो चांगलाच पडतो, तेव्हा त्याने कमी सांगितलं म्हणून चिडू नका. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल येतं, पाच वर्षांसाठी, आणि २०२२ पासून इम्पोर्टेड गाडीला त्याची फी ४०००० आहे, इव्हो आख्खी बाहेरून आलेली गाडी. हे आपण करून द्यायचं की भावातून कमी करायचं ते आधीच ठरवा. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट नसेल तर ती पण बसवून घ्या.

वेळ पण बघा. जून ते ऑगस्ट कोणी टेस्ट ड्राइव्ह घ्यायला येत नाही, आणि आला तरी ओल्या रस्त्यावर तुम्हालाच धडधड होते. चवथीत (गणेश चतुर्थीत) आपण सगळे घरात, त्यानंतर पितृपक्षात कोणी इसार देत नाही. मी चवथ झाल्यावर जाहिरात टाकली, पितृपक्षात लोक येऊन बघून गेले आणि सौदा घटस्थापनेला बोलून दसऱ्याला गाडी दिली. मार्च-एप्रिल पण चांगला काळ, रस्ते सुके असतात आणि पाडवा असतो.

फोन खूप येतील. पहिल्या वाक्यात "लास्ट किती" विचारणाऱ्याला मी नम्रपणे सांगायचो की आधी गाडी बघा. जो एसएसटीचं फ्लुइड कधी बदललं विचारतो तो खरा गिऱ्हाईक. त्याला वेळ द्या, व्हिडिओ कॉल करा, त्याचा मिस्त्री आणू दे, नाहीतर इथल्या कुठल्या वर्कशॉपमध्ये न्यायची ते त्याला ठरवू दे.

तो येणार त्या दिवशी सकाळी गाडी अजिबात चालू करू नका. बॉनेट गार असलं पाहिजे, त्याने हात लावून बघितलं पाहिजे. थंड इंजिनवर निळा धूर येतो का, चेनचा खडखडाट होतो का, हे त्याला स्वतःच्या कानाने ऐकू द्या (या गाडीच्या ४बी११ इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, जुन्या ४जी६३ वाल्या इव्होंना बेल्ट होता, बरेच जण यात गोंधळतात). टेस्ट ड्राइव्हच्या आधी लायसन्स बघा, फोटो काढून ठेवा, इन्शुरन्स चालू आहे ना ते बघा. पहिली पंधरा मिनिटं तुम्ही चालवा, ऑइल गरम होईपर्यंत बूस्टमध्ये जायचं नाही, आणि का जात नाही ते त्याला सांगा, यावरून पण तुम्ही गाडी कशी वागवली ते कळतं. मग त्याच्या हातात द्या, तुम्ही बाजूच्या सीटवर. गावातून किंवा शाळेच्या रस्त्याने नेऊ नका. परत आल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवा म्हणजे टर्बोतलं ऑइल जळून बसत नाही. आमच्या वेळी कोल्हापूरवाल्याबरोबर त्याचे वडील होते, ते मागे बसलेले, उतरल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, "तुम्ही का विकताय?" मी खरं ते सांगितलं की आईला दर आठवड्याला बांबोळीला (तिथल्या सरकारी हॉस्पिटलला) न्यायचं असतं, तिला या गाडीत बसता-उठता येत नाही. ते म्हणाले मग बरोबर आहे. या प्रश्नाचं खरं उत्तर तयार ठेवा, सगळे विचारतात.

पैसे बँकेतूनच घ्या, आरटीजीएस. दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं आयकर कायद्याने चालत नाही. इसार घेतला की कागदावर लिहा किती घेतला, बाकी किती, कुठल्या तारखेपर्यंत, आणि सौदा मोडला तर काय. पूर्ण रक्कम खात्यात जमा झालेली आपल्या बँकेच्या अॅपमध्ये दिसल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, समोरच्याच्या फोनमधला स्क्रीनशॉट चालत नाही.

कागदपत्रांचं इथे बरेच जण ढिलं सोडतात, आणि पुढे तेच अंगाशी येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय की आरटीओत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, गाडी विकून झाली असली तरी. माझ्या ओळखीतल्या एकाने फॉर्मवर नुसत्या सह्या करून गाडी दिली होती, दोन वर्षं दुसऱ्या राज्यातली चलनं त्याच्या फोनवर येत होती. फॉर्म २९ आणि ३० भरा, राज्याबाहेर जात असेल तर फॉर्म २८ वर एनओसी, कर्ज होतं तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. विक्रीची खबर आरटीओला आपण द्यायची असते, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, बाहेर असेल तर ४५ दिवसांत. एनओसीच्या आधी सगळी चलनं भरून टाका, पीयूसी चालू ठेवा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, खरेदीदाराचं नाव-पत्ता भरूनच करा.

गाडी देताना एक डिलिव्हरी नोट करा, त्यावर तारीख, वेळ अगदी मिनिटापर्यंत, किलोमीटर, दोघांच्या सह्या, आधार आणि पॅनच्या कॉपी. सकाळी ११:२० ला मी दिली, त्यानंतर वाटेत काय झालं तर ती जबाबदारी कोणाची हे त्या वेळेवरून ठरतं. दोन्ही किल्ल्या, वही, मूळ मॅपची फाइल पेनड्राइव्हवर, चाकांच्या लॉकनटची चावी, सगळं त्या नोटेत लिहा. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर टोलचे पैसे तुमच्याच खात्यातून जातात. मॉडचे पार्ट पण तोच घेत असेल तर त्याची पावती वेगळी, गाडीच्या कागदात ते येऊ देऊ नका.

इन्शुरन्स कंपनीला लगेच कळवा, पॉलिसी नवीन मालकाने १४ दिवसांत नावावर करून घ्यायची असते, आणि तुमचा नो क्लेम बोनस तुमचाच राहतो. त्याचं रिटेन्शन लेटर मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं. माझा ५० टक्के होता, तो आईसाठी घेतलेल्या नवीन गाडीला लावला. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून मी रोज सकाळी बघायचो, पाचव्या आठवड्यात तिथे त्याचं नाव आलं, त्याचा प्रिंट काढून फाइलला लावला आणि त्याला फोन केला. पुढची ऑइल सर्व्हिस ७०००० ला आहे, विसरू नको म्हटलं. तो म्हणाला, दादा, वहीत लिहून ठेवलंय.